पैशाची पायवाट

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. माणगावपासून थोड्या अंतरावर मोर्बा नावाचं गाव दिसेल. या गावातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांचे नातेवाईक दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये आहेत आणि ही ये-जा शंभर वर्षांहून जुनी आहे. आता किनाऱ्याकडे सरका. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्रायली राहायचे. तेल गाळायचा त्यांचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवारतेली म्हणत. त्यांची नातवंडं-पतवंडं आज इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद या शहरांत आहेत. मग डोंगराच्या बाजूला, महाड-पोलादपूरकडे या. इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या गेला तो परळ-लालबागला, गिरणीत.

जिल्हा एक. पाऊस तोच, भातखाचरं तेवढीच तुटपुंजी. मग एका गावाची वाट केप टाउनला, दुसऱ्याची इस्रायलला आणि तिसऱ्याची लालबागला का गेली?

‘पोटासाठी गेले’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असतं. ते खोटं नाही. बेने इस्रायलींना तर पोटाइतकीच धर्माची ओढ होती. पण पोट सगळ्यांनाच असतं. पोट माणसाला उंबऱ्याबाहेर काढतं. कुठे जायचं हे मात्र ते सांगत नाही. ते कोण सांगतं आणि त्याच वाटेने पैसा परत कसा येतो, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

सगळ्यात गरीब माणूस फार लांब जात नाही

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली आपला जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहणारी माणसं साधारण ३० कोटी ४० लाख होती. आकडा मोठा वाटतो, पण जगाच्या लोकसंख्येत तो चार टक्क्यांहूनही कमी भरतो. शंभरातली शहाण्णव माणसं आपल्याच देशात राहतात. नुसत्या गरिबीने माणसं परदेशी गेली असती, तर हा आकडा कितीतरी मोठा असता.

अडचण अशी की लांब जायला आधी पैसा लागतो. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, एजंटाचे पैसे, तिकीट, आणि तिथला पहिला पगार हातात येईपर्यंतचा खर्च. बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कुटुंब पाहा. त्यांच्यापाशी काहीच नसतं, म्हणून मुकादमाकडून उचल घेऊन ते सांगली-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात फडावर जातात. तिथे जाण्यासाठी त्यांना उलट आगाऊ पैसे मिळतात. आखातात जाणाऱ्याला आगाऊ पैसे भरावे लागतात. म्हणून तिथे जातो तो थोडी जमीन, थोडं सोनं किंवा उसने देईल असा एखादा नातेवाईक असलेला माणूस. अगदी तळाचा मागेच राहतो.

अर्न्स्ट गेऑर्ग रेव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ साली इंग्लंडच्या जनगणनेचे आकडे तपासून स्थलांतराचे काही नियम मांडले. पहिलाच नियम असा की बहुतेक माणसं जवळच जातात. दुसरी एक गोष्ट त्याने हेरली, ती या लेखाच्या शेवटी उपयोगी पडेल: माणसांचा लोंढा एका दिशेने वाहू लागला की उलट दिशेनेही एक लहान प्रवाह सुरू होतो.

पहिला जातो, मग वाट पडते

मोकळ्या रानात पायवाट कशी पडते ते आठवा. पहिला माणूस गवत तुडवत, काट्यांतून अंदाजाने जातो. दुसरा त्याच्या पावलांवर पाऊल ठेवतो, कारण तिथे गवत वाकलेलं असतं. वीस माणसं गेली की माती उघडी पडते. मग शेजारून याहून सोपी वाट काढता येत असली तरी कुणी तिकडे फिरकत नाही.

परदेशाची वाट अशीच पडते. पहिला गेलेला माणूस पुढच्याचा खर्च कमी करतो. कोणता एजंट भामटा आहे, कोणता मालक पगार वेळेवर देतो, पहिले दोन महिने कुणाच्या खोलीत अंग टाकायचं, हे त्याला ठाऊक असतं. आखातात गेलेल्या कुणालाही ‘तिथे कसे काय गेलात?’ असं विचारून पाहा. ‘मामेभावाने व्हिसा काढला’ या धर्तीचंच उत्तर मिळतं. त्या एका वाक्यात सगळं आलं.

पहिला माणूस मात्र बहुतेक वेळा योगायोगाने जातो. पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरला १९६० च्या दशकात मंगला धरण झालं, हजारो कुटुंबं उठली. त्या भागातल्या काहींनी आधीच जहाजांवर आणि इंग्लंडच्या कारखान्यांत कामं केली होती. त्या धाग्याला धरून विस्थापित झालेली माणसं ब्रॅडफर्डच्या कापड गिरण्यांत पोचली. लंडनमध्ये बांगलादेशी माणसं पुष्कळ, पण त्यांतली बहुसंख्य एकाच सिल्हेट भागातली. तिथले खलाशी इंग्रजांच्या बोटींवर होते, त्यांतले काही लंडनच्या गोदीत उतरून राहिले. बाकीचा बांगलादेश तेवढाच गरीब होता. त्याला तो पहिला खलाशी मिळाला नाही.

आपल्याकडे हे पाहायचं तर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विट्याकडे जा. दुष्काळी भाग. इथले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, भारतभरच्या सराफ बाजारांत पसरले. शेजारच्या तालुक्यांतही दुष्काळ तोच आहे, पण तिथे गलाईची वाट पडली नाही.

वाट टिकवण्याची उत्तम व्यवस्था मी पाहिली ती गोवेकरांची. गोव्याचे खलाशी, तारवटी, बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर मुंबईत गावाच्या कुडीत राहत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली बिऱ्हाडाची जागा. धोबीतलावाकडे अशा कुडी अजून आहेत. एक मोठी खोली, भिंतीकडेने ओळीने मांडलेल्या ट्रंका, प्रत्येकीवर नाव, आणि एका टोकाला गावच्या संताची वेदी. रात्री ट्रंकेशेजारी पथारी पसरायची. भाडं नाममात्र. नव्या पोराला कोणती कंपनी भरती करते आहे हे तिथेच कळायचं. घर, भरती कचेरी आणि देऊळ, तिन्ही एका खोलीत.

दार दुसऱ्याच्या हातात

पायवाटेच्या टोकाला फाटक असतं आणि त्याची किल्ली दुसऱ्या देशाकडे असते. दक्षिण आफ्रिकेने १९१३ साली कायदा करून नव्या भारतीयांना दार जवळजवळ बंद केलं. आधीपासून तिथे असलेल्यांना मात्र परवाना घेऊन मायदेशी जाऊन परत येता येई. त्यामुळे कोकणातल्या कितीतरी पुरुषांचं आयुष्य दोन ठिकाणी वाटलं गेलं: मिळवायचं केप टाउनला, लग्न आणि मुलंबाळं गावाकडे.

आखाताची गोष्ट तेलापासून सुरू होते असं आपण धरून चालतो. पण तेलाच्या कितीतरी आधी मुंबईचे व्यापारी तिथले मोती घेत होते, आणि तिथे रुपया चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, १९६६ च्या अवमूल्यनानंतर बाकीच्या बहुतेकांनीही रुपया सोडायला घेतला. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि तिथे रस्ते, बंदरं, इमारतींची कामं निघाली, तेव्हा मुंबईची वाट आधीपासून मळलेली होती. रत्नागिरी-रायगडची आणि मलबारची माणसं तिने गेली.

या दाराला एक अटही असते. तिथल्या मालकाने, कफीलाने, हमी दिल्याशिवाय सहसा राहता येत नाही आणि नागरिकत्व बहुधा कधीच मिळत नाही. त्यामुळे आखातात गेलेला माणूस तिथे मुळं रोवत नाही. तो पैसे घरी पाठवतो, कारण त्याला परत यायचंच असतं. अमेरिकेत गेलेला इंजिनिअर तिथे घर घेतो, त्याची मुलं तिथली होतात. पैसा किती आणि किती वर्षं घरी येणार, हे असं व्हिसाच्या प्रकारावरच ठरून जातं.

गोव्यात तर दार इतिहासानेच उघडलं. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि त्या पासपोर्टाची किंमत एकदम बदलली. सासष्टीतली माणसं त्यावर थेट इंग्लंडमधल्या स्विंडनला पोचली, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागली.

नोट जागची हलत नाही

आता पैशाकडे वळू. माझ्या आजोळी, राजापूरजवळच्या वाडीत, माजघरात खुंटीला एक वाकवलेली तार टांगलेली असे आणि तिच्यात मनीऑर्डरची कुपनं ओवलेली असत. मनीऑर्डर आपल्या टपाल खात्याने १८८० साली सुरू केली. फॉर्मच्या एका तुकड्यावर पाठवणाऱ्याला दोन-चार ओळी लिहायला जागा असायची. मामाची अक्षरं बारीक आणि गर्दीची: ‘साठ पाठवले. चाळीस घरात, वीस सावकारास देणे. म्हशीस पेंड घालणे. गणपतीस येतो.’ आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन पडवीत बसून वाचून दाखवायचा, ती अंगठा उठवायची आणि कुपन तारेत जायचं.

मामाने दादरच्या पोस्टात दिलेल्या नोटा राजापूरला येत नसत. त्या दादरलाच राहत. राजापूरचं पोस्ट आपल्या गल्ल्यातून आजीला साठ रुपये देई, आणि हिशेब खात्याच्या वह्यांत जमा-नावे होई. प्रवास करायचा तो निरोप. जगभर पैसा पाठवण्याची युक्ती आजही हीच आहे.

अबुधाबीतला गवंडी पगाराचे दिरहम घेऊन तिथल्या मनी एक्स्चेंजच्या खिडकीपाशी उभा राहतो. त्या एक्स्चेंजने भारतातल्या एखाद्या बँकेत आधीच रुपयांचं खातं उघडून ठेवलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत या सोयीला ‘रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट’ म्हणतात. गवंड्याचे दिरहम तिथे जमा होतात, इकडच्या खात्यातून त्याच्या बायकोच्या खात्यात रुपये वळते होतात. रुपयांचं खातं रिकामं होत आलं की एक्स्चेंज डॉलर भरून ते पुन्हा भरतं. ते डॉलर भारताला मिळतात. गवंड्याने पाठवलेल्या पैशाचा देशाला होणारा खरा फायदा तो हाच.

हवाल्याचा सांगाडाही असाच असतो. एक भाऊ खेडला दुकान चालवतो, दुसरा चिपळूणला. खेडच्या दुकानात कुणी हजार रुपये दिले आणि चिपळूणच्या भावाने ते त्याने सांगितलेल्या माणसाला दिले, तर दोघांच्या वहीत नोंद होते आणि महिनाअखेर माल पाठवून हिशेब मिटतो. दुबई आणि मुंबई यांच्यामध्ये हेच चालतं. फरक हा की हिशेब मिटतो तो चोरट्या सोन्याने, खोट्या किमतीच्या मालाने किंवा कुणाचा तरी काळा पैसा बाहेर नेऊन. डॉलर देशात येतच नाहीत. गवंड्याला मात्र भाव चार पैसे बरा मिळतो आणि रुपये घरपोच होतात, म्हणून मोह पडतो. कायद्याने त्याला बंदी आहे.

गिरणीत राहिलेलं पीठ

पैसे पाठवायला दोन तऱ्हेचा खर्च येतो. दळण गिरणीत नेलं की दळणावळ आपण मोजून देतो. पण थोडं पीठ गिरणीच्या जात्यात आणि पिशवीत राहून जातं, ते कुणी मोजत नाही. पैशाचंही तसंच. फी पाटीवर लिहिलेली असते. बाजारातला भाव आणि आपल्याला दिलेला भाव यांतली तफावत हे ते राहिलेलं पीठ. ‘फी शून्य’ अशी जाहिरात दिसली की भाव तपासावा.

जागतिक बँकेच्या पाहणीप्रमाणे दोनशे डॉलर पाठवायचा जगातला सरासरी खर्च २०२३ च्या अखेरीस सुमारे साडेसहा टक्के होता. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांवर आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. आखात ते भारत ही वाट जगातल्या स्वस्त वाटांपैकी आहे, कारण वर्दळ प्रचंड आणि पाठवणाऱ्या कंपन्यांत चुरस मोठी. आफ्रिकेतल्या कितीतरी वाटा दुप्पट महाग पडतात. कमी माणसं जातात म्हणून खर्च जास्त, आणि त्याचा भुर्दंड पडतो तो सगळ्यात कमी मिळवणाऱ्यावर. मला यातली ही गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते.

चौकट : आकड्यांत

भारतात परदेशातून घरी आलेला पैसा: २०२२ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या वर; इतका पैसा मिळवणारा भारत पहिला देश. २०२४ चा अंदाज सुमारे १२९ अब्ज.
रिझर्व्ह बँकेची २०२३-२४ ची पाहणी: अमेरिकेतून २७.७ टक्के, संयुक्त अरब अमिरातीतून १९.२, ब्रिटनमधून १०.८. येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळचा १९.७.
राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने: नेपाळमध्ये साधारण पाव, ताजिकिस्तानात निम्म्याच्या आसपास.

संकटात हा पैसा आटत का नाही?

एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने भाकीत केलं की गरीब आणि मध्यम देशांकडे जाणारा हा पैसा वीस टक्क्यांनी घटेल. कामं बंद, विमानं बंद, मजूर खोल्यांत अडकलेले. भाकीत रास्तच होतं. पण वर्षअखेर घट दोन टक्क्यांच्याही आत राहिली. भारतात ८३ अब्ज डॉलर आले, जवळजवळ आदल्या वर्षीइतकेच.

परदेशी गुंतवणूकदार देश अडचणीत आला की पैसा काढून घेतो, कारण त्याला नफा हवा असतो. घरचा माणूस घर अडचणीत आलं की जास्त पाठवतो. तो एक वेळचं जेवण कमी करतो, एका खोलीत सहाऐवजी आठ जण राहतात. दुसरं कारण हिशेबाचं. विमानं थांबल्यामुळे कुणाच्या हाती रोख पाठवणं आणि हवाला दोन्ही अवघड झाले, तो पैसा बँकेतून येऊ लागला आणि मोजला गेला. तिसरं कारण असं की नोकरी गेलेल्याने परतताना सगळी शिल्लक एकदम पाठवली. आकड्यात ती वाढ दिसते. त्या घरात मात्र तो शेवटचा पैसा असतो.

वाट तुटते तेव्हा काय होतं हे १९९० मध्ये दिसलं. इराकने कुवेत घेतलं आणि सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. कोकणातल्या आणि केरळातल्या कितीतरी घरांची मिळकत एका महिन्यात थांबली.

गावात आल्यावर

रिझर्व्ह बँकेच्या २०१६-१७ च्या पाहणीत या पैशातला सुमारे ५९ टक्के भाग घरखर्चाला गेला, २० टक्के बँकेत ठेवला गेला, जमीनजुमला आणि शेअर मिळून आठ टक्के. अर्थतज्ज्ञ कधीकधी नाक मुरडतात, कारखाने का काढले नाहीत म्हणून. मला हा आक्षेप पटत नाही. मुलीची फी, आईचं औषध, चिऱ्याची भिंत ही गवंड्याची गुंतवणूकच आहे. गावात कारखाना काढायला वीज, रस्ता, बाजार लागतो. ते उभं करणं त्याच्या एकट्याचं काम नव्हे.

खरा प्रश्न शेजाऱ्याचा असतो. वाट पडलेल्या गावात जमिनीचे भाव आणि गवंडी-सुताराची मजुरी चढते. ज्याच्या घरचं कुणी बाहेर नाही, त्याला आता त्याच गावात घर बांधणं परवडत नाही. कालपर्यंत त्याला आपण गरीब वाटत नव्हतो. मग तोही पोराचा पासपोर्ट काढतो, आणि वाट आणखी रुंद होते.

माणसं गेल्यावर रिकाम्या राहिलेल्या कामांवर कोण येतं? रेव्हनस्टाइनने सांगितलेला उलटा प्रवाह इथे भेटतो, जरा वेगळ्या रूपात. केरळात बंगाल, आसाम, ओडिशातून मजूर येतात. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखण करायला, आंबे उतरवायला नेपाळी कामगार असतात. बागेच्या मालकाचा मुलगा कुवेतहून पैसे पाठवतो, त्याच बागेतला नेपाळी आपली मजुरी नेपाळला पाठवतो. कोकण एकाच वेळी घेणारंही आहे आणि देणारंही.

नकाशा वाचताना

चौकटीतल्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेतून येणारा पैसा खरोखर वाढला आहे, तिथे शिकलेल्या भारतीयांचे पगार मोठे आहेत. पण पैसा आखातातून निघून अमेरिकेतल्या बँकेमार्फत आला, तर बहुधा तो अमेरिकेच्या नावावर चढतो. घरापासून शेवटच्या फाट्यावर दिसलेल्या माणसाला ‘कुठून आलास?’ असं विचारावं आणि त्याने फक्त त्या फाट्याचं नाव सांगावं, तसं हे. राज्याच्या आकड्यातही मोर्बा आणि पोलादपूर एकाच टक्केवारीत विरघळतात. म्हणून हा नकाशा राज्यांचा पाहू नये, गावांचा पाहावा. केरळने १९९८ पासून घरोघरी जाऊन स्थलांतराची पाहणी सुरू केली आणि ठरावीक वर्षांनी ती चालू ठेवली. तशी पाहणी महाराष्ट्रात नेमाने व्हायला हवी होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा तरुणांनी जर्मन भाषा शिकून तिथे जायचं, अशी कल्पना आहे. फाटक या वेळी आधी उघडलं आहे, रान अजून तुडवलेलं नाही. पहिली मुलं ज्या तालुक्यातली असतील आणि तिथल्या थंडीत टिकतील, त्यांच्या धाकट्या भावंडांचे, मामेभावांचे अर्ज पाच-सात वर्षांनी येऊ लागतील. तो तालुका कोणता, हे आज मंत्रालयातही कुणी सांगू शकणार नाही.